लाकडी नाट्यगृहांचे लंडन

श्रोतेहो, नमस्कार.

१५६७ सालच्या उन्हाळ्यात लंडन शहराच्या पूर्वेला, माइल एंडजवळच्या ‘रेड लायन’ नावाच्या एका शेतवाडीवर सुतारकाम चालले होते. काम सांगणारा जॉन ब्रेन हा व्यवसायाने वाणी होता. त्याला तिथे ४० फूट लांब, ३० फूट रुंद आणि जमिनीपासून ५ फूट उंच असा रंगमंच हवा होता, त्यावर जमिनीपासून ३० फूट उंच जाणारा लाकडी मनोरा हवा होता आणि प्रेक्षकांसाठी भोवताली माच बांधून हवे होते. सॅमसनच्या कथेवरचे एक नाटक तिथे लावायचे ठरले होते. ही मापे आज आपल्याला ठाऊक आहेत, याचे कारण ब्रेनचे सुतारांशी भांडण झाले आणि प्रकरण कोर्टात गेले. इंग्लंडच्या सुरुवातीच्या नाट्यगृहांविषयीची पुष्कळशी माहिती अशीच करारनामे, फिर्यादी आणि साक्षीजबाब यांतून हाती आलेली आहे. नाटककारांनी आपल्या नाट्यगृहांचे वर्णन फारसे लिहून ठेवले नाही. सुतार, जमीनमालक आणि वकील यांनी मात्र ठेवले. आजच्या भाषणात मी या कागदांच्याच आधाराने बोलणार आहे, कारण हा इतिहास मला प्रामुख्याने लाकडाचा, भाडेपट्ट्यांचा आणि दारावर जमणाऱ्या गल्ल्याचा इतिहास वाटतो, आणि इंग्रजी नाटकाचा बहर त्यातून समजतो तितका दुसऱ्या कशातूनही समजत नाही.

त्यापूर्वी इंग्लंडमध्ये नाटके होत नव्हती, असे मुळीच नाही. नाटक मंडळ्या गावोगाव फिरत, सरदारांच्या दिवाणखान्यांत आणि सरायांच्या चौकांत खेळ करीत. लंडनमध्ये बिशप्सगेटची ‘बुल’ किंवा लडगेट हिलवरची ‘बेल सॅव्हेज’ अशा सराया त्यासाठी प्रसिद्ध होत्या. चौकात फळ्या टाकून रंगमंच उभा करायचा, लोकांनी भोवती आणि वरच्या सज्जांत दाटी करायची, असा तो प्रकार होता. पण सरायमालकाशी दर वेळी नव्याने बोलणी करावी लागत आणि जागेवर मंडळीचा कसलाच हक्क नसे. शिवाय १५७२ च्या कायद्याने, ज्या नटांना किमान बॅरन दर्जाच्या उमरावाचा आश्रय नसेल त्यांची गणना भटक्या-उनाडांत केली आणि त्यांना फटक्यांची शिक्षा ठरवली. यामुळे लहान मंडळ्या संपल्या आणि ज्यांना मोठा आश्रयदाता मिळाला त्यांना बळ आले. अर्ल ऑफ लीस्टर यांच्या मंडळीला १५७४ मध्ये खुद्द राणी एलिझाबेथकडून सनद मिळाली. त्या मंडळीचा म्होरक्या जेम्स बर्बेज हा मूळचा सुतार, आणि ‘रेड लायन’वाला ब्रेन हा त्याचा मेव्हणा.

या दोघांनी १५७६ मध्ये शहराच्या उत्तरेला शोरडिच येथे जे नाट्यगृह बांधले, त्याचे नाव त्यांनी ‘द थिएटर’ असेच ठेवले. जागा त्यांनी विचारपूर्वक निवडली होती. १५७४ च्या डिसेंबरात लंडनच्या नगरपालिकेने नाटकांवर परवान्यांचे आणि तपासणीचे कडक नियम घातले होते; शोरडिच मात्र मिडलसेक्स परगण्यात, म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीबाहेर होते. ती जमीन पूर्वी होलीवेल येथील ख्रिस्ती जोगिणींच्या मठाची. आठव्या हेन्रीने मठ खालसा केल्यावर ती खाजगी मालकीत आली होती. जाइल्स ॲलन या मालकाने ती बर्बेजला २१ वर्षांच्या पट्ट्याने दिली. पुढच्याच वर्षी जवळपास ‘कर्टन’ हे दुसरे नाट्यगृह उभे राहिले. धर्मोपदेशक लगेच खवळले. १५७७ च्या नोव्हेंबरात सेंट पॉल्स क्रॉस येथील प्रवचनात थॉमस व्हाइट या उपदेशकाने असा युक्तिवाद मांडला, की प्लेगचे कारण पाप आहे आणि पापाचे कारण नाटके आहेत, म्हणून प्लेगचे कारण नाटकेच होत. त्यामागची भीती मात्र खोटी नव्हती. हजारो माणसे दाटीवाटीने एकत्र येत तिथे साथ पसरणारच, आणि प्लेगच्या काळात नाट्यगृहे खरोखरच महिनोन्‌महिने बंद ठेवावी लागत.

भिंती आणि दारे असलेल्या कायमच्या इमारतीने सर्वांत मोठा बदल घडवला तो पैशाच्या वसुलीत. उघड्यावरच्या खेळात टोपी फिरवावी लागते आणि टोपी जवळ आली की प्रेक्षक काढता पाय घेतो. इथे आधी पैसे, मग प्रवेश. बाझेलहून आलेला थॉमस प्लॅटर हा प्रवासी १५९९ मध्ये लंडनमध्ये होता. त्याने लिहून ठेवले आहे, की चौकात उभे राहून पाहणाऱ्याला एक पेनी पडते, बसायचे असेल तर दुसऱ्या दारावर आणखी एक पेनी द्यावी लागते, आणि गादीवर बसून सगळे नीट पाहायचे असेल तर आणखी एका दारावर तिसरी. कुशल कारागिराची दिवसाची मजुरी तेव्हा साधारण एक शिलिंग, म्हणजे १२ पेन्या होती. त्यामुळे उभ्याने नाटक पाहणे कष्टकऱ्याच्याही आवाक्यात होते.

गल्ला आला तशी गल्ल्यावरची भांडणेही आली. जमलेले पैसे एका सामाईक पेटीत टाकले जात. बर्बेजने या पेटीची चोरून दुसरी किल्ली करून घेतली आहे आणि तो पैसे काढून घेतो, असा आरोप ब्रेनच्या बाजूने झाला. मेव्हण्या-मेव्हण्यांचे प्रकरण हातघाईवर गेले आणि १५८६ मध्ये ब्रेन वारला तरी ते मिटले नाही. १५९० मध्ये त्याची विधवा मार्गारेट कोर्टाचा हुकूम हाती घेऊन, सज्जांतल्या उत्पन्नातला आपला अर्धा वाटा मागायला नाट्यगृहाच्या दारी आली, तेव्हा बर्बेज कुटुंबाने तिला आणि तिच्या माणसांना शिवीगाळ केली आणि बर्बेजचा धाकटा मुलगा रिचर्ड झाडूचा दांडा घेऊन त्यांच्यावर धावून गेला. हाच रिचर्ड बर्बेज पुढे हॅम्लेट, ऑथेल्लो आणि लिअर या भूमिका करणारा पहिला नट झाला. मार्गारेटला मात्र तिचा वाटा नीट मिळालाच नाही. या नाट्यगृहात ब्रेनने आपली जमवलेली सगळी पुंजी घातली होती. इतिहासाने बर्बेजचे नाव जपले आणि ब्रेनचे विसरले. हा अन्याय आहे, असे मला मनापासून वाटते.

दुसरा बदल त्याहून खोल गेला. फिरत्या मंडळीला चार-पाच नाटके वर्षभर पुरतात, कारण गाव रोज नवे असते. जी मंडळी एकाच जागी, त्याच शहरातल्या त्याच प्रेक्षकांपुढे आठवड्यातले सहा दिवस खेळ करते, तिला रोज वेगळे नाटक लावावे लागते. थेम्सच्या दक्षिणेला बँकसाइड येथे फिलिप हेन्स्लो याने १५८७ मध्ये ‘रोझ’ नाट्यगृह बांधले. त्याची हिशेबाची वही आजही उपलब्ध आहे आणि त्या काळाचा तिच्याइतका बोलका कागद दुसरा नाही. तिच्यावरून असे दिसते, की १५९४–९५ च्या हंगामात तिथे लॉर्ड ॲडमिरल या उमरावाच्या आश्रयाखालच्या मंडळीने ३८ नाटके केली आणि त्यांतली २१ नवी होती. एका नव्या नाटकाला साधारण सहा पौंड मिळत. एखाद्या भरजरी पोशाखाला त्याहून जास्त पडत. नाटककारांची गरज इतकी मोठी होती, की दोघे-तिघे-चौघे मिळून एक नाटक लिहीत. मार्लो, शेक्सपिअर, जॉन्सन ही माणसे प्रतिभावंत होतीच. पण त्यांच्या हातून सतत लेखन करवून घेणारी ही भूक त्या लाकडी इमारतींनी निर्माण केली होती.

आता शोरडिचकडे पुन्हा वळू. ‘द थिएटर’च्या जमिनीचा पट्टा १५९७ च्या एप्रिलमध्ये संपला. त्याच्या काही आठवडे आधीच जेम्स बर्बेज वारला होता, आणि ॲलन नव्या पट्ट्याला टोलवाटोलवी करीत होता. मात्र मूळ करारात एक कलम असे होते, की बर्बेजने तिथल्या जुन्या इमारतींवर ठरलेला खर्च केला, तर त्याने स्वतः बांधलेले नाट्यगृह तो उतरवून नेऊ शकेल. १५९८ च्या नाताळात ॲलन बाहेरगावी असताना, २८ डिसेंबरला कथबर्ट आणि रिचर्ड हे बर्बेज बंधू, पीटर स्ट्रीट हा मिस्त्री आणि सुमारे डझनभर माणसे तिथे येऊन दाखल झाली आणि त्यांनी नाट्यगृह उतरवायला सुरुवात केली. ओकच्या लाकडाचा सगळा सांगाडा खाच व कुसू यांनी जोडलेला होता, म्हणूनच तो सोडवून पुन्हा उभा करणे शक्य झाले. गोठलेल्या थेम्सवरून त्याच रात्री लाकडे पलीकडे नेली, ही गोष्ट फार रंगवून सांगितली जाते. मला ती पटत नाही, कारण एवढा लाकूडफाटा एका रात्रीत हलणारा नव्हे. तो आधी नदीकाठच्या स्ट्रीटच्या वखारीत गेला असावा, असेच अभ्यासकांनाही वाटते. ॲलनने फिर्याद केली, पण त्याचे काही चालले नाही.

त्या लाकडांतून १५९९ मध्ये बँकसाइडला ‘ग्लोब’ उभे राहिले. खर्चासाठी बर्बेज बंधूंनी मालकीचा अर्धा हिस्सा आपल्याकडे ठेवला आणि उरलेला अर्धा पाच नटांत वाटला. त्या पाचांपैकी एक विल्यम शेक्सपिअर होता. नट स्वतःच नाट्यगृहाचे भागीदार झाले, ही नवी गोष्ट होती, आणि शेक्सपिअरच्या सुबत्तेत या भागीदारीचा वाटा मोठा होता.

‘ग्लोब’ला टक्कर देण्यासाठी हेन्स्लो आणि नट एडवर्ड ॲलीन यांनी त्याच पीटर स्ट्रीटला गाठून ‘फॉर्च्यून’ बांधायला दिले. ८ जानेवारी १६०० चा तो ४४० पौंडांचा करार शिल्लक आहे. बाहेरून ८० फुटांचा चौरस, आतून ५५ फुटांचा, विटांचा पाया, तीन मजल्यांच्या उंच्या अनुक्रमे १२, ११ आणि ९ फूट, वरचा प्रत्येक मजला खालच्यापेक्षा दहा इंच पुढे झुकलेला, रंगमंच ४३ फूट रुंद आणि चौकाच्या मध्यापर्यंत आलेला. इतके सगळे सांगून झाल्यावर करार म्हणतो, की बाकीचे काम ‘ग्लोब’प्रमाणे करावे, आणि सोबतच्या नकाशात दाखवले आहे तसे करावे. तो नकाशा हरवला आहे, आणि ‘ग्लोब’ची मापे कुणी लिहून ठेवलेली नाहीत. अभ्यासकाने हळहळावे असा हा कागद आहे.

आतून ही नाट्यगृहे कशी दिसत, याचे एकच समकालीन चित्र उरले आहे. १५९६ च्या सुमारास योहानेस डी विट या डच प्रवाशाने ‘स्वान’ नाट्यगृहाचे रेखाटन केले. मूळ गेले, पण त्याच्या मित्राने केलेली नक्कल १८८८ मध्ये उत्रेख्तच्या विद्यापीठ ग्रंथालयात सापडली. तीत दोन खांबांवर पेललेले छत आहे, मागे रंगपटाकडे जाणारी दोन दारे आहेत, वर सज्जा आहे. पडदा नाही, देखावे नाहीत. नाटक भर दुपारी, उघड्या आकाशाखाली होई. म्हणूनच ‘हॅम्लेट’च्या पहिल्या प्रवेशात पहारेकऱ्यांना बारा वाजल्याचे आणि कडाक्याच्या थंडीचे शब्दांतून सांगावे लागते. लख्ख उन्हात उभ्या असलेल्या प्रेक्षकापुढे मध्यरात्र उभी करायची, तर नाटककाराकडे भाषेखेरीज दुसरे साधन नव्हते, आणि ती भाषा एवढी समृद्ध झाली याला ही उणीवही कारणीभूत आहे.

‘ग्लोब’चे छप्पर गवताने शाकारलेले होते. २९ जून १६१३ रोजी आठव्या हेन्रीवरच्या नाटकात तोफ उडवली गेली, ठिणगी छपरात शिरली आणि तासाभरात सगळे नाट्यगृह बेचिराख झाले. हेन्री वॉटन या मुत्सद्द्याच्या पत्रानुसार एका माणसाच्या विजारीने पेट घेतला आणि बाटलीतल्या बिअरने ती विझवली गेली. जीवितहानी झाली नाही. दुसऱ्या वर्षी ते पुन्हा बांधले, या वेळी कौलांनी.

दरम्यान ‘ग्लोब’मध्ये खेळणाऱ्या बर्बेजच्या मंडळीला एक बंदिस्त नाट्यगृहही मिळाले होते. जेम्स बर्बेजने १५९६ मध्येच ब्लॅकफ्रायर्सच्या जुन्या मठातली दालने ६०० पौंडांना घेतली होती, पण ढोल-कर्ण्यांचा गोंगाट आणि गर्दी नको म्हणून रहिवाशांनी अर्ज करून त्याला अडवले, आणि अर्जावर मंडळीच्या स्वतःच्या आश्रयदात्याचीही सही होती. बर्बेजची मंडळी तिथे प्रत्यक्ष खेळू लागली ती १६०८ नंतर. इथे कमीत कमी तिकीट सहा पेन्यांचे. मेणबत्त्यांच्या वाती कातरण्यासाठी अंकांमध्ये थांबावे लागे आणि त्या वेळात संगीत चाले. गरीब प्रेक्षक मात्र दाराबाहेर राहिला. २ सप्टेंबर १६४२ रोजी, यादवी युद्धाच्या तोंडावर, पार्लमेंटने सर्वच नाट्यप्रयोग बंद केले.

या इमारतींचे पाये अलीकडे पुन्हा उजेडात आले आहेत. १९८९ मध्ये ‘रोझ’चे उत्खनन झाले, तेव्हा चौकाची रंगमंचाकडे उतरती जमीन, छपरावरून ठिबकलेल्या पाण्याने पडलेली रेघ, बदामासारख्या टणक फळांची टरफले आणि गल्ल्याच्या मातीच्या डब्यांचे तुकडे सापडले. रंगमंच ‘फॉर्च्यून’च्या मापांवरून बांधलेल्या अंदाजांपेक्षा बराच उथळ निघाला. ‘कर्टन’च्या जागी २०१६ मध्ये खोदकाम झाले आणि ते नाट्यगृह गोल वा बहुकोनी नसून सुमारे ३० मीटर लांब आणि २२ मीटर रुंद असे आयताकृती असल्याचे आढळले. शेक्सपिअरच्या ‘पाचवा हेन्री’ या नाटकाच्या प्रास्ताविकात नट ज्या ‘लाकडी वर्तुळा’चा उल्लेख करतो, ते वर्तुळ म्हणजे ‘कर्टन’ असे पुष्कळ अभ्यासक मानत आले होते. ते आता मानता येत नाही. एकतर नाटक ‘ग्लोब’साठीच लिहिले गेले, किंवा प्रास्ताविक मागाहून जोडले गेले, १६०० मध्ये छापलेल्या प्रतीत ते प्रास्ताविक नाही, १६२३ च्या प्रतीत आहे, आणि वाद अजून चालू आहे.

नमस्कार.