डेल्फ्टचा कापडवाला रॉयल सोसायटीत

लंडन, जानेवारी १६८०. रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या बैठकीत डॉ. विल्यम क्रून एक नाव सुचवतात : अंतोनी व्हान लेव्हेनहूक. सगळे सभासद एकमतानं त्यांना फेलो म्हणून निवडतात. सनद चांदीच्या डबीतून पाठवायची, असंही ठरतं.

निवड झालेला माणूस मात्र तिथे नाही. सोसायटीच्या बैठकीला तो आयुष्यात कधीच गेला नाही. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा हा कापडाचा व्यापारी. विद्यापीठाची पायरी त्यानं चढलेली नव्हती. विद्वानांचा व्यवहार तेव्हा लॅटिनमध्ये चाले आणि याला येत होती फक्त डच.

डेल्फ्टचेच तरुण वैद्य रेनियर द ग्राफ यांनी १६७३ मध्ये सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांना लेव्हेनहूकच्या भिंगांविषयी कळवलं. त्याच वर्षी द ग्राफ वारले, पण पत्रांची वाट खुली झाली होती. बुरशी, मधमाशीची नांगी, उवा... जे दिसेल ते लेव्हेनहूक साध्या डचमध्ये लिहून धाडू लागला.

त्याचं सूक्ष्मदर्शक यंत्र तळहातात मावणारं. धातूच्या दोन पातळ पट्ट्यांमध्ये मोहरीएवढं एकच भिंग, पुढे स्क्रूवर फिरणारी सुई. सुईच्या टोकावर नमुना ठेवायचा आणि यंत्र डोळ्याला भिडवून उजेडाकडे बघायचं. भिंगं तो स्वतःच बनवत असे, आणि ती कशी बनवतो हे सांगत नसे.

मिरी तिखट का लागते, हे त्याला शोधायचं होतं. म्हणून त्यानं मिरी पाण्यात भिजत घातली. १६७६ च्या एप्रिलमध्ये त्या पाण्याचा थेंब पाहिला, तर त्यात असंख्य जीव वळवळत होते. ऑक्टोबरमध्ये त्यानं हे सगळं सविस्तर लंडनला कळवलं.

लंडनला ते पटेना. पटावं तरी कसं? इतके बारीक जीव तिथे कुणी पाहिलेच नव्हते. लेव्हेनहूकनं गावातल्या आठ प्रतिष्ठित माणसांना थेंब दाखवले आणि त्यांच्या लेखी साक्षी पाठवल्या. धर्मगुरूही त्यांत होते. सोसायटीत वनस्पतिशास्त्रज्ञ नेहेमाया ग्रू यांच्यावर पडताळणीचं काम सोपवलं गेलं, मग रॉबर्ट हूक यांच्यावर. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या जगावरचा हूक यांचा गाजलेला ग्रंथ १६६५ मध्येच निघाला होता, तरी पहिल्या प्रयत्नांत त्यांनाही काही दिसलं नाही. मग त्यांनी काचेच्या अतिशय बारीक नळ्या केल्या, त्यांत मिरीचं पाणी भरलं, अधिक चांगलं भिंग लावलं. १५ नोव्हेंबर १६७७ रोजी भर बैठकीत ते जीव दिसले. पाहणाऱ्यांत वास्तुकार ख्रिस्तोफर रेन होते, ग्रू होते, आणि पुढे लेव्हेनहूकचं नाव सुचवणारे क्रूनही होते.

या निवडीचं मोल मला इथे दिसतं. सोसायटीनं व्यापाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, पण तो व्यापारी आहे म्हणून त्याचं पत्र बाजूलाही सारलं नाही. प्रयोग फसला तेव्हा तो पुन्हा केला, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि मगच मान दिला.

लेव्हेनहूकनंही त्या मानाची बूज राखली. १६८३ मध्ये त्यानं दातांवरच्या किटणातले जीव सोसायटीला कळवले. आज आपण त्यांना जीवाणू म्हणतो. १७२३ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, मृत्युशय्येवरून त्यानं एका मित्राकरवी आणखी दोन पत्रं लॅटिनमध्ये करून घेतली, लंडनला पाठवण्यासाठी.