शेजारची कार म्हणते ५०, पण तुमची सायकल खरंच ५० ने चाललीय का?

नमस्कार मंडळी! रविवारी सकाळी जुन्या मुंबई-पुणे रोडवर, देहूरोड ते तळेगाव पट्ट्यात सायकलवाल्यांची गर्दी असते, तिथे हे हमखास होतं. तुम्ही जोरात चाललाय, एक कार बाजूला येते, काच खाली होते आणि आतला माणूस कौतुकाने ओरडतो, "भाऊ, पन्नासला चाललाय की तुम्ही!" संध्याकाळपर्यंत ग्रुपवर मेसेज पडलेला असतो, आज ५० मारले. मनापासून सांगतो, तो माणूस खोटं बोलत नाहीये, त्याच्या काट्यावर ५० च होते, पण तुमचा स्पीड बहुतेक तेवढा नव्हता.

कारचा स्पीडोमीटर रस्ता मोजत नाही. तो चाकाचे किंवा गिअरबॉक्सचे फेरे मोजतो आणि टायरच्या परिघाने गुणतो, बस. आता कंपनीला काय माहीत तुमचं टायर नवं आहे की घासलेलं, हवा किती आहे, तुम्ही नंतर मोठं टायर टाकलंय का? नवं टायर पूर्ण घासेपर्यंत परीघ साधारण दोन टक्के कमी होतो, म्हणजे तेवढ्याच स्पीडला चाक जास्त फिरतं आणि काटा जास्त दाखवतो. आणि युरोपसकट बऱ्याच देशांत चालणारा संयुक्त राष्ट्रांचा नियम आहे, रेग्युलेशन ३९, तो म्हणतो की काट्याने खऱ्यापेक्षा कमी स्पीड कधीच दाखवायचा नाही, जास्त दाखवला तर चालेल, कारसाठी खऱ्या स्पीडच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत. मग कंपनी काय करणार, काटा मुद्दाम थोडा वरच ठेवणार, कारण खालच्या बाजूला चूक झाली तर ड्रायव्हरला वाटेल मी लिमिटमध्ये आहे आणि तो नसेल.

याचा हिशोब लावा. काट्यावर ५० असतील तर खरा स्पीड जवळपास ४२ ते ५० मध्ये कुठेही असू शकतो आणि नियमात बसतो. पुढच्या वेळी कारमध्ये बसलात की फोनवर जीपीएस स्पीड लावून बघा, काट्यापेक्षा तीन-चार-पाच कमी दिसतो, बहुतेक गाड्यांमध्ये.

आता कोणी म्हणेल ४२ काय नि ५० काय. अरे खूप फरक आहे! सायकलवर सगळी मारामारी हवेशी असते आणि हवा कापायला लागणारी ताकद स्पीडच्या घनाने वाढते, त्यामुळे ४२ वरून ५० ला जायचं तर हवेसाठीच सुमारे १.७ पट पॉवर लागते. पुरुषांचा तासाभराचा जागतिक रेकॉर्ड, म्हणजे ट्रॅकवर एका तासात किती अंतर कापलं तो, इटलीच्या सायकलपटू फिलिप्पो गान्नाचा, ८ ऑक्टोबर २०२२, स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंशनच्या इनडोअर ट्रॅकवर, ५६.७९२ किलोमीटर. खास सायकल, खास कपडे, वारा नाही, खड्डे नाहीत. सपाटीवर एकट्याने बराच वेळ ५० टिकवणं म्हणजे काय, ते या आकड्याशेजारी ठेवून बघा. उतारावर किंवा दहा-पंधरा सेकंदांच्या स्प्रिंटला ५० येतात, त्यात वाद नाही.

आणि मोठ्या गाडीच्या मागे असाल तर गोष्टच वेगळी. १८९९ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर चार्ल्स मर्फी नावाच्या रायडरने रुळांच्या मधे फळ्या टाकून धावत्या रेल्वेच्या डब्यामागे सायकल चालवली, एक मैल ५७.८ सेकंदांत, म्हणजे ताशी साधारण १०० किलोमीटर. हवा डब्याने अडवली होती. पण मला यातलं आवडतं ते हे की स्पीड कोणाच्या काट्यावरून नाही काढला, मोजलेलं अंतर आणि स्टॉपवॉच.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ बनवला त्याकडे येऊ. फक्त फुशारकीचा प्रश्न असता तर मी एवढं बोललो नसतो. गाडीवाल्याच्या डोक्यात सायकल म्हणजे पंधराचा स्पीड, हे ठरलेलं असतं. समजा तुम्ही ३० ने चाललाय, तो ५० ने ओव्हरटेक करतो आणि दोन सेकंदांत डावीकडे वळायला ब्रेक मारतो. त्याच्या हिशोबात तुम्ही पंधराचे, म्हणजे तो दोन सेकंदांत तुमच्या १९ मीटर पुढे गेलेला असणार, आरामात वळता येईल. प्रत्यक्षात फरक २० चाच आहे, म्हणजे ११ मीटर. आणि त्याचे काट्यावरचे ५० खरे ४६ असतील तर जेमतेम ९. तुम्हाला ३० वरून थांबायला कोरड्या रस्त्यावर, चांगल्या ब्रेकने, एक सेकंद रिॲक्शन धरून, साधारण १५ मीटर लागतात. ४० असतील तर २४. नीट बघा हे आकडे. म्हणून डावा कट दिसला आणि बाजूने गाडी नुकतीच पुढे गेली की पेडल थांबवा, बोटं ब्रेकवर, इंडिकेटरची वाट बघू नका, आपल्याकडे तो कितीजण देतात तुम्हाला माहितीये. आणि स्पीड चेक करायला मित्राला कार किंवा बाइक घेऊन बाजूला पळवायचा जो प्रकार चालतो ना, प्लीज बंद करा, त्याचा काटाही वरचाच आहे आणि दोघं रस्ता सोडून एकमेकांकडे बघत असता.

मग मोजायचं कसं? आपल्या चाकाने. मॅग्नेटवाला सायकल कॉम्प्युटर, म्हणजे हँडलवरचा छोटा स्पीडमीटर, पण फेरे गुणिले परीघ हेच करतो, फक्त परीघ तुम्ही टाकायचा असतो, आणि तिथेच घोळ होतो, कारण दुकानात बसवून देतात आणि सेटिंग आधीचीच राहते. ७०० बाय २५ चं टायर सुमारे २१०५ मिलिमीटर, ७०० बाय ३२ चं २१५५, हा फरक छोटा. पण २६ बाय १.९५ च्या एमटीबीवर, म्हणजे माउंटन बाइकवर (२०५०) २९ बाय २.१ ची सेटिंग (२२८८) राहिली तर ३० चे साडेतेहेतीस दिसणार, रोज, आणि तुम्हाला वाटणार फिटनेस वाढला.

तक्त्यापेक्षा स्वतः मोजलेलं बरं. पार्किंगमध्ये खडूने रेघ मारा, सेन्सर ज्या चाकाला आहे त्याचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणा, हवा नेहमीएवढी हवी, सायकलवर बसा, कारण वजनाने टायर दबतं, कोणाला तरी धरायला सांगा आणि सरळ पुढे जा, व्हॉल्व्ह परत खाली येईपर्यंत. दुसरी रेघ, टेप लावा, मिलिमीटरमध्ये आकडा टाका.

फोनचं जीपीएस ॲव्हरेजला चांगलं आहे, मॅक्स स्पीडला नाही. घाटात कड्याखाली, दाट झाडीत सिग्नल उडतो आणि एखादा ७२ चा आकडा येऊन बसतो. आणि काहीच नसेल तर किलोमीटरचे दगड आहेतच, ३६०० ला एका किलोमीटरला लागलेल्या सेकंदांनी भागा, ९० सेकंद म्हणजे ४०, १२० म्हणजे ३०. रुंदीकरणात दगड इकडेतिकडे होतात, त्यामुळे एकावर जाऊ नका, सलग पाच किलोमीटर धरा.

खडू आणि टेप घेऊन आजच मोजा, आणि टायर साइज, हवेचं प्रेशर आणि आलेला परीघ खाली कमेंटमध्ये टाका, आपल्याकडे मिळणाऱ्या टायरचा तक्ता बनवून पुढच्या व्हिडिओत दाखवतो.