पाना फिरला पाहिजे

(पहाट. अर्धं उघडलेलं शटर. आत एकच ट्यूबलाइट.)

नागपूरजवळच्या हिंगण्याच्या एमआयडीसीत मुख्य रस्ता सोडून आत शिरलं की एकाला लागून एक शेड सुरू होतात. लेथवाले, पावडर कोटिंगवाले, पत्रा वाकवणारे. सकाळी सहाला इथं कुत्री असतात आणि एखादा वॉचमन. आज एका शेडचं शटर मात्र साडेपाचलाच वर गेलंय.

("अबे उचलू नका, ढकला! चाकं लावली ना आता!")

कॉलेजच्या पोरांनी बनवलेली ही फॉर्म्युला रेसगाडी मे महिन्यापासून इथं लाकडी ठोकळ्यांवर बसून होती. दिवाळी झाली, आणि आज ती पहिल्यांदा स्वतःच्या चाकांवर बाहेर येतेय. ढकलणारे चौघं, स्टिअरिंग धरून बाजूने चालणारी एक मुलगी, आणि मागे कमरेवर हात ठेवून वेल्डर काका. काका सोडले तर सगळे एकाच इंजिनीअरिंग कॉलेजचे. शेड काकांचं. पोरं भाडं देत नाहीत, झाडू मारतात.

खरं सांगायचं तर पहिल्या नजरेत ती गाडी वाटतच नाही. नाकाचं फायबर अजून साच्यात आहे. रंग नाही, नंबर नाही. चार जाड चाकं आणि त्यांच्या मधोमध पाइपांचा पिंजरा. नवार काढलेल्या खाटेला कोणी चाकं बसवावीत तसं काहीतरी. आमचा कॅमेरामन हळूच म्हणाला, "दादा, पूर्ण झाल्यावर बोलावलं असतं ना यांनी."

ही वेळ मीच मागून घेतली होती. एकदा बॉडी चढली, स्टिकर लागले, की सगळ्याच फॉर्म्युला गाड्या देखण्या दिसतात. फोटो तेव्हा काढावेत. ओळख करून घ्यायची तर ती अशी उघडी असताना.

(जवळून: पुढचं डावं चाक. एक हात वर, एक खाली.)

या गाड्यांना मडगार्ड नसतं. चाकं बॉडीच्या बाहेर, आणि चाकापासून सांगाड्यापर्यंत जाणारे सस्पेन्शनचे सगळे दांडे डोळ्यांसमोर. झाकायला काही नाही. म्हणून जाणकार माणूस आला की तो आधी गाडी बघत नाही, चाक धरून हलवतो. वर-खाली धरून एकदा, मग डावी-उजवीकडे धरून एकदा. वर-खाली हललं तर बेअरिंग नाहीतर जॉइंट ढिला. पुढचं चाक डावी-उजवीकडे हललं तर संशय स्टिअरिंगवर. वर्कशॉपमध्ये या ढिलेपणाला 'प्ले' म्हणतात.

मीही हलवलं. पुढची दोन्ही घट्ट. मागच्या उजव्या चाकात मात्र बारीकसा टक. कानाला ऐकू आला नाही, बोटांना लागला. मी तोंड उघडायच्या आत ती मुलगी म्हणाली, "माहितीये दादा. रॉड एंड आहे तो. नवा उद्या येऊन राहिला." रॉड एंड म्हणजे दांड्याच्या टोकाचा जॉइंट.

हौशी लोकांच्या रेसगाड्या जगभर दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीच्या पार्टांतून उभ्या राहिल्या. अमेरिकेत 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला फॉर्म्युला व्ही आली, ती फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनावर. इंग्लंडात 1967 मध्ये फॉर्म्युला फोर्ड, रोजच्या वापरातल्या फोर्डच्या इंजिनावर. आपल्याकडे कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती 800 चं 796 सीसीचं इंजिन उचललं आणि फॉर्म्युला मारुती रेसट्रॅकवर उतरवली. डॉक्टरपासून शाळामास्तरापर्यंत सगळ्यांना ऑफिसात नेणारं तेच इंजिन! 2005 मध्ये फॉर्म्युला वनच्या ग्रिडवर उभा राहिलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, सुरुवातीला याच फॉर्म्युला मारुतीत शर्यती खेळला होता. करिवर्धन 1995 मध्ये विमान अपघातात गेले. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेला नाव त्यांचंच आहे. ही नागपूरची गाडी जानेवारीत जाणार आहे ती तिथंच, विद्यार्थ्यांच्या स्पर्धेला.

विद्यार्थ्यांच्या या स्पर्धेचं मूळ 1981 मधलं, टेक्सास विद्यापीठातलं. नाव फॉर्म्युला एसएई. पोरांनी गाडी स्वतः डिझाइन करायची, स्वतः बनवायची, स्वतःच चालवायची. दुसऱ्या गाडीशी झुंज नाही. प्लास्टिकच्या कोनांमधून, घड्याळाशी. एकूण गुण 1000, आणि त्यातले 325 गाडी जागची हलायच्या आधीच ठरतात: डिझाइन, खर्च, धंद्याची मांडणी. परीक्षक विचारतात, हा पाइप इथंच का? "इंटरनेटवर बघितला" हे उत्तर चालत नाही.

(आत. टेबलावर पाने, नायलॉक नटांचा डबा, त्याशेजारी चिवड्याचा डबा.)

या गाडीचं डिझाइन कुठून सुरू झालं, असं मी विचारलं. मला वाटलं, आता एअरोडायनॅमिक्स ऐकावं लागणार. टीमचा कॅप्टन म्हणाला, "चेनपासून."

गेल्या वर्षीची गाडी जोरात होती म्हणे. वजनाला हलकी, दिसायलाही एक नंबर. स्पर्धेत सकाळी चेन सैल झाली. सैल चेन ताणणं म्हणजे सायकलवाल्याचं काम, दोन बोल्ट ढिले करा, मागे ओढा, परत आवळा. पण त्या गाडीत त्या दोन बोल्टांपैकी एक फायरवॉल, म्हणजे ड्रायव्हर आणि इंजिनाच्या मधला पत्रा, आणि पेट्रोलची टाकी यांच्या बेचक्यात होता. टाकी उतरवल्याशिवाय पाना लागेना. लागला तर फिरेना. पोरं टाकी उतरवत राहिली आणि तिकडे त्यांची पाळी निघून गेली.

या वर्षी त्यांनी काय केलं, तर कॉम्प्युटरवर गाडीचं मॉडेल काढायला बसले तेव्हा आधी पाने काढले. खरोखरचे. आठ, दहा, तेरा, सतरा नंबरचा रिंग पाना, एलन की, प्लायर. आणि पाच बोटांचा एक हात. मॉडेलमध्ये बोल्ट बसवला की त्यावर पाना ठेवून फिरवून बघायचा. बारा कोनांच्या रिंग पान्याला पकड बदलायला निदान 30 अंश फिरावं लागतं. तेवढी जागा नसेल तर बोल्टची जागा बदला. बोल्ट हलत नसेल तर पाइप हलवा.

मला हे ऐकून माझी घरची गाडी आठवली. हेडलाइटचा एक बल्ब बदलायला मेकॅनिकने पुढचा बंपर उतरवला होता. बल्बपेक्षा मजुरी जास्त. एवढी मोठी कंपनी, आणि तिला हे सुचू नये?

(मागची बाजू. चेन, स्प्रॉकेट, डिफरेन्शियलचे दोन ब्रॅकेट.)

आता हे बघा. चेनचे दोन्ही बोल्ट मागून सरळ दिसतात. कॅप्टनने घड्याळ लावायला सांगितलं. ढिले करून, चेन ताणून, परत कसून, बोल्टवर पांढऱ्या पेंटची रेघ ओढेपर्यंत तीन मिनिटं वीस सेकंद. ती रेघ अर्धी बोल्टवर, अर्धी ब्रॅकेटवर. बोल्ट सैल होऊन फिरला की रेघ तुटते, लांबूनच कळतं.

याची किंमत मोजलीय त्यांनी. पाना फिरावा म्हणून दोन पाइप वाढले, मागचा भाग थोडा लांबला, वजन वाढलं. टीममध्ये यावरून भांडण झालं, तेही चांगलंच. एक जण महिनाभर शेडमध्ये आला नाही. तो आज आलाय, आणि अजूनही त्याचं मत बदललेलं नाही. "वजन म्हणजे वजन असते, भाऊ," तो मला म्हणाला. मुद्दा त्याचाही खोटा नाही.

(फोनवरचं जुनं फुटेज. भर दुपार. आर्गॉन वेल्डिंगचा निळा उजेड.)

सांगाडा जोडला गेला मे महिन्यात. नागपूरचा मे. मे 2013 मध्ये या शहरात पारा 47.9 ला टेकला होता, आणि 44-45 ला तर इथं कोणी बातमी म्हणत नाही. अशा दुपारी काकांनी शेडमधला कूलर बंद करून वेल्डिंग केलंय. कारण विचाराल तर आर्गॉन. वितळलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून टॉर्चमधून हा वायू सोडतात, त्याची एक अदृश्य छत्री वेल्डिंगच्या टाक्यावर धरलेली असते. काकांच्या भाषेत, "हवा लागली का ग्यास उडते, ग्यास उडला का टाका फसफसते." टाका फसफसला म्हणजे आत बारीक छिद्रं राहिली. वरून चकचकीत दिसेल, पण गाडी उलटली तर ड्रायव्हरच्या डोक्यामागची कमान तिथंच तुटेल.

ती कमान जवळून दाखवतो. टाक्यावर एकावर एक ठेवलेल्या नाण्यांसारख्या लाटा, सारख्या अंतरावर. एके ठिकाणी लय चुकलीय. काका म्हणाले, तिथं डोळ्यात घाम गेला होता. मग घासून परत मारला. परत मारलेलाही दिसतो.

इंजिन केटीएम 390 चं, 373 सीसी, एकच सिलिंडर, आपल्या चाकणला बनलेलं. काही टीम 600 सीसीची चार सिलिंडरची इंजिनं लावतात आणि त्यांचा आवाज ऐकला की अंगावर काटा येतो, हे मान्य. पण नियम असा, की इंजिनात जाणारी सगळी हवा 20 मिलिमीटरच्या एका भोकातूनच गेली पाहिजे. म्हणजे साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढं तोंड. मोठं इंजिन त्या भोकातून श्वास घेताना धापा टाकतं. लहान इंजिनाला तेवढ्यात बरंच भागतं, शिवाय वजन कमी. आणि क्लच प्लेट गेली तर ती नागपुरातच मिळते.

वायरिंगबद्दल मी बोलणार नाही. वायरिंगबद्दल त्यांनाही बोलायचं नव्हतं.

(सीट. काळ्या कचऱ्याच्या पिशवीच्या सुरकुत्या फोममध्ये उमटलेल्या.)

सीट मात्र दाखवल्याशिवाय राहवत नाही. ड्रायव्हर दोन आहेत. एक सहा फुटी, एक ही मुलगी, पाच फूट एक इंच. 22 किलोमीटरची जी सगळ्यांत लांब फेरी असते, तिच्या मध्यात ड्रायव्हर बदलावा लागतो, आणि त्याला तीनच मिनिटं. म्हणून पेडलचा संच रुळावर सरकतो: पिन ओढा, सरकवा, पिन सोडा. तिच्या पाठीमागे वेगळी फोमची गादी येते. ती गादी बनवायची रीत अशी. कॉकपिटमध्ये कचऱ्याची मोठी पिशवी ठेवली, तिच्यावर ती बसली, आणि पिशवीत दोन रसायनं एकत्र ओतली. फोम फुगायला लागला. पाठीखालून, कमरेखालून, बगलेपर्यंत. वर गरमही होतो. हलायचं नाही. "आई व्हिडिओ कॉलवर होती," ती सांगते. "म्हणे, हे कोणतं कॉलेज आहे?"

त्या गादीत आता तिच्या पाठीचा कणासुद्धा उमटलाय. बेल्ट सोडून पाच सेकंदांत बाहेर यायचं, हाही नियम. ती साडेतीन सेकंदांत येते. सहा फुटी गड्याचे गुडघे अजून स्टिअरिंगखाली अडकतात. या डिझाइनमधली मला खटकलेली गोष्ट ती. हाताचा विचार झाला, गुडघ्याचा राहिला.

(कॉलेजच्या आवारातला सिमेंटचा रस्ता. दोन्ही बाजूंना कोन. ऊन चढलंय.)

नागपुरात सिमेंटच्या रस्त्याची कमी नाही. कॉलेजच्या मागेही असा एक सरळ पट्टा आहे, आजच्यापुरता साखळी लावून बंद केलेला. अग्निशामक सिलिंडर घेऊन दोघं उभे.

इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. एका सिलिंडरचा आवाज देखणा नसतो. डग-डग-डग, शेतातल्या पंपाचा धाकटा भाऊ. पण क्लच सुटला आणि गाडी अशी निसटली, की कॅमेरामनचा फोकस मागेच राहिला.

आणि मग तो आवाज. टक, टक, टक. सिमेंटच्या दोन स्लॅबच्या मधले सांधे. आपण कारमधून जातो तेव्हा ते जाणवतात न जाणवतात. इथं गाडीचा तळ जमिनीपासून तीन बोटांवर, चाकं लहान. प्रत्येक सांधा तिच्या मणक्यातून हेल्मेटपर्यंत जातो. परत आली तेव्हा ती पहिलं काय बोलली असेल? वेग नाही, पॉवर नाही. "स्टिअरिंग जड आहे. पण सरळ येते." हात सोडला की चाकं आपोआप मध्यावर येतात, असं तिचं म्हणणं. नव्या गाडीबद्दल पहिल्या फेरीत एवढं कळलं तरी बरंच.

मग ब्रेकची चाचणी. वेग घ्यायचा, खच्चून ब्रेक दाबायचा, चारही चाकं एकदम जाम झाली पाहिजेत. त्याशिवाय स्पर्धेत पुढे सोडतच नाहीत.

पहिल्यांदा पुढची दोन जाम झाली. मागची फिरत राहिली.

पेडलच्या मागे एक आडवा बार असतो, पुढच्या आणि मागच्या ब्रेकला किती जोर जावा ते वाटून देणारा. गेल्या वर्षीच्या गाडीत तिथं जायला नाक उतरवावं लागायचं. आता भांडखोर गडी, तोच वजनवाला, पुढच्या चाकाशी गुडघ्यावर बसला. पाइपांमधून हात आत घातला, कोपरापर्यंत. पाना दिसत नव्हता, फक्त खांदा हलताना दिसत होता. अर्धा फेरा. अजून अर्धा. हात बाहेर काढला, कोपराला ग्रीस.

"जा."

ती गेली, वळली, आली. ब्रेक. चाकं किंचाळली, धूर, रबराचा वास.

पोरं ओरडत सुटली. काका मात्र गाडीकडे गेले नाहीत. ते रस्त्यावर उकिडवे बसले, सिमेंटवर उमटलेल्या काळ्या रेघांवरून बोट फिरवत. एक, दोन, तीन, चार.

"उजवी मागची फिक्की आहे," ते म्हणाले. "त्या कोपऱ्यावर वजन कमी पडून राहिलं."

तो गडी पाना पुसत होता. त्याने काकांकडे बघितलं, मग रेघेकडे, आणि सतरा नंबरचा शोधायला लागला.