घरच्या मैदानाविना विजेता

नमस्कार, श्रोतेहो. १४ जुलै १९८५ रोजी न्यू जर्सीतील जायंट्स स्टेडियमवर बाल्टिमोर स्टार्स या संघाने ओकलंड इन्व्हेडर्सचा २८-२४ असा पराभव करून युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीगचे विजेतेपद सलग दुसऱ्यांदा मिळवले. संघाच्या नावात बाल्टिमोर होते, पण त्या शहरात तो एकही सामना खेळलेला नव्हता. असे का घडले, ते आज मी सांगणार आहे.

ज्या खेळाविषयी मी बोलतो आहे तो आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. यात चेंडू हाताने फेकत किंवा कवेत घेऊन धावत पुढे न्यायचा असतो आणि त्याचा हंगाम अमेरिकेत शरद ऋतूत सुरू होतो. वसंतात मैदाने आणि प्रेक्षक दोन्ही मिळू शकतील, हे हेरून न्यू ऑर्लिन्सचे डेव्हिड डिक्सन यांनी या लीगची कल्पना मांडली आणि १९८३ मध्ये १२ संघांनिशी ती सुरू झाली. पुढच्याच वर्षी संघ १८ झाले. ही घाई मला आजही अनाठायी वाटते.

त्या १२ संघांपैकी एक होता फिलाडेल्फिया स्टार्स, म्हणजेच पुढे बाल्टिमोरचे नाव घेतलेला आपला संघ. व्यवस्थापक कार्ल पीटरसन आणि प्रशिक्षक जिम मोरा यांनी मोठ्या नावांमागे न धावता, इतरांनी नाकारलेली माणसेही पारखून घेतली. सॅम मिल्स हे त्यांतले सर्वांत बोलके उदाहरण. उंची अवघी पाच फूट नऊ इंच. बचावफळीच्या मागे उभे राहून समोरून येणारा हल्ला अडवणाऱ्या लाइनबॅकरसाठी ती फारच कमी मानली जाई. क्लीव्हलँड आणि टोरांटो येथील संघांनी त्यांना परत पाठवले होते आणि ते न्यू जर्सीतील एका शाळेत मुलांना सुतारकाम व छायाचित्रण शिकवत होते. स्टार्सने त्यांना बोलावले आणि तिन्ही वर्षे संघाच्या बचावाचा कणा हाच शिक्षक होता.

पहिल्या हंगामात संघाने १८ पैकी १५ सामने जिंकले. शिकागो ब्लिट्झविरुद्धच्या बाद फेरीत अखेरच्या सत्रात २१ गुणांनी मागे असताना त्यांनी बरोबरी साधली आणि जादा वेळेत ४४-३८ असा विजय मिळवला. अंतिम सामना मात्र मिशिगन पँथर्सने २४-२२ असा जिंकला. १९८४ मध्ये १८ पैकी १६ विजय मिळवून त्यांनी टॅम्पा येथे ॲरिझोना रँग्लर्सला २३-३ असे निष्प्रभ केले. दोन मालकांनी आपापसांत संघांची अदलाबदल केल्यामुळे त्या रँग्लर्समध्ये आदल्या वर्षीच्या शिकागोचेच बरेचसे खेळाडू होते.

याच उन्हाळ्यात लीगने १९८६ पासून शरद ऋतूत खेळण्याचा निर्णय घेतला. न्यू जर्सी जनरल्सचे मालक डोनाल्ड ट्रम्प यांचा त्यासाठी विशेष आग्रह होता. फिलाडेल्फियात शरद ऋतूत ईगल्स हा जुना संघ खेळत असल्याने स्टार्सना नवे शहर शोधणे भाग पडले. बाल्टिमोरचा कोल्ट्स हा संघ मार्च १९८४ मध्ये रातोरात इंडियानापोलिसला गेला होता, म्हणून तेथील जागा रिकामी होती. परंतु १९८५ च्या वसंतात तेथील मेमोरियल स्टेडियम बेसबॉलच्या ओरिओल्स संघाकडे होते. परिणामी खेळाडू फिलाडेल्फियात सराव करीत आणि ‘घरच्या’ सामन्यांसाठी कॉलेज पार्क येथील मेरीलँड विद्यापीठाच्या मैदानावर जात. फिलाडेल्फियाचे प्रेक्षक दुरावले आणि बाल्टिमोरचे अजून आपले झालेले नव्हते. दहा विजय, सात पराभव आणि एक बरोबरी अशा अवस्थेत संघाने बाद फेरी गाठली आणि तेथून एकही सामना गमावला नाही. अंतिम सामन्यात केल्विन ब्रायंट यांनी तीन टचडाउन केले, म्हणजे तीनदा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला. माझ्या मते हे दुसरे विजेतेपद पहिल्यापेक्षा मोठे आहे.

ईगल्स आणि कोल्ट्स ज्यात खेळत, त्या जुन्या नॅशनल फुटबॉल लीगविरुद्ध मक्तेदारीचा खटला जुलै १९८६ मध्ये या लीगने जिंकला, पण भरपाई मिळाली एक डॉलर. कायद्यानुसार तिप्पट करून तीन. शरद ऋतूतला हंगाम झालाच नाही. मोरा यांच्याबरोबर मिल्स त्या जुन्या लीगमधील न्यू ऑर्लिन्स सेंट्स संघात गेले आणि २०२२ मध्ये, निधनानंतर १७ वर्षांनी, त्यांना प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातील थोरांच्या सन्मान-दालनात, स्थान मिळाले. ज्या मेमोरियल स्टेडियमसाठी संघाने आपले शहर सोडले, तेथे मात्र स्टार्स कधीच उतरले नाहीत.