न दिसलेल्या कणाचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. जो कण उपकरणात कसलीही खूण न ठेवता निघून जातो, तो तिथे होता असे भौतिकशास्त्रज्ञ कशाच्या आधारे म्हणतात, याविषयी आज बोलायचे आहे.

क्षयाच्या, म्हणजे कण आपोआप फुटण्याच्या, आधी आणि नंतर एकूण ऊर्जा तीच राहते आणि एकूण संवेगही तोच राहतो, हा तो आधार होय. स्थिर असलेला कण दोनच कणांत फुटला, तर ते दोघे नेमक्या विरुद्ध दिशांना सारख्याच संवेगाने जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याची ऊर्जा दर वेळी एकच येते. तिसरा वाटेकरी आला की वाटणी दर वेळी बदलते.

बीटा क्षयात अणुकेंद्रकातून फक्त इलेक्ट्रॉन बाहेर पडताना दिसे, म्हणून त्याची ऊर्जा ठरावीक असायला हवी होती. परंतु १९१४ मध्ये जेम्स चॅडविक यांना ती सलग पसरलेली आढळली. उरलेली ऊर्जा नमुन्यातच मुरत असेल, या शंकेचे निरसन एलिस आणि वूस्टर यांनी १९२७ मध्ये उष्णता मोजून केले: प्रत्येक क्षयामागे सुमारे साडेतीन लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढीच ऊर्जा मिळाली, आणि इलेक्ट्रॉनची कमाल ऊर्जा तर दहा लाखांच्या वर होती. नील्स बोर ऊर्जेचा नियमच सैल करायला तयार झाले, तर वोल्फगांग पाउली यांनी ४ डिसेंबर १९३० च्या पत्रात एका अदृश्य, विद्युतभाररहित कणाची कल्पना मांडली; तोच पुढे न्यूट्रिनो म्हणून ओळखला गेला. बोर यांची भूमिका आज वाटते तितकी अविचारी नव्हती. मात्र नियम खरोखर सैल असता, तर इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेला स्पष्ट वरची मर्यादा असण्याचे कारण उरले नसते, आणि ती मर्यादा तर प्रयोगात दिसत होती.

याहून बोलके उदाहरण पायॉन या अल्पजीवी कणाचे आहे. १९४७ मध्ये ब्रिस्टल येथे पॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छायाचित्रणाच्या पायसात, म्हणजे काचेवरील प्रकाशसंवेदी थरात, पाहिले, की थांबलेल्या पायॉनमधून निघणाऱ्या म्युऑनची (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाची) रेघ दर वेळी जवळपास तेवढ्याच लांबीची, सुमारे ०.६ मिलिमीटर, असते. म्हणजे अदृश्य साथीदार एकच. त्याचे वस्तुमानही काढता येते: पायॉनची ऊर्जा १३९.६ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्युऑनने नेली १०९.८, उरली २९.८, आणि म्युऑनचा संवेगही त्याच एककांत २९.८ भरतो. ऊर्जा व संवेग असे जुळले, की उरलेल्या कणाचे वस्तुमान जवळजवळ शून्य ठरते. पुढे म्युऑन फुटतो, तेव्हा इलेक्ट्रॉनची ऊर्जा मात्र ५२.८ दशलक्षांपर्यंत कितीही असू शकते, म्हणून तिथे न दिसणारे कण किमान दोन मानावे लागतात.

त्वरकांमधील कणांच्या मोठ्या टकरींमध्ये हा हिशेब पुरा मांडता येत नाही, कारण टकरीतील अवशेष शलाकेच्या (कणांच्या झोताच्या) नळीतूनच निसटतात आणि मुळात आदळलेल्या क्वार्ककडे, म्हणजे प्रोटॉनच्या आतल्या घटक कणाकडे, किती संवेग होता हेही आधी ठाऊक नसते. शलाकेला आडव्या दिशेने मात्र सुरुवातीचा संवेग जवळपास शून्य असतो, तेव्हा तेवढीच बाजू तपासायची. कण टिपणाऱ्या उपकरणाला, म्हणजे शोधकाला, मध्येच फट असेल, तर साधा कणही तिथून निसटून न्यूट्रिनोचे सोंग आणतो, म्हणून तो भोवती सर्व बाजूंनी बंद बांधावा लागतो. १९८३ मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत डब्ल्यू कण (बीटा क्षय घडवणाऱ्या बलाचा वाहक) याच वाटेने सापडला: एका बाजूला जोरकस इलेक्ट्रॉन आणि समोर काहीच नाही. न्यूट्रिनोचा फक्त आडवा संवेग हाती असल्याने डब्ल्यूचे वस्तुमान थेट काढता येईना, पण आडव्या संवेगांवरून काढलेल्या मूल्यांचा आलेख सुमारे ८० अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपाशी एकदम उतरतो, आणि तो उतार जिथे येतो तेच डब्ल्यूचे वस्तुमान.