सही झाली, पुढं काय?

कॉलेजात शिकलेलं कामावर किती उपयोगी पडतं, हे विचारत आम्ही कोल्हापूर परिसरात हिंडलो.

(गोकुळ शिरगाव एमआयडीसी, फौंड्रीची लॅब)

भट्टीतून काढलेला नमुना धातूतले घटक मोजणाऱ्या स्पेक्ट्रोखाली ठेवला, ठिणगी पडली, पडद्यावर कार्बन, सिलिकॉन, मँगनीजचे आकडे आले. हा तरुण 'ओके' म्हणेल तेव्हाच धातू साच्यात ओतायचा. तो बी.एस्सी. केमिस्ट्री झालाय. कॉलेजबद्दल विचारलं तर हसतच सांगतो, "टायट्रेशनची तीन रीडिंग घ्यायची असतात. आम्ही एक घ्यायचो, उरलेली दोन तशीच लिहायचो. सीबीआर, म्हणजे सारखं येणारं ब्युरेटचं रीडिंग, जुळला की जर्नलवर सही. इथं तसं केलं तर अख्खी हीट, म्हणजे भट्टीतला सगळा घाणा, रिजेक्ट जाईल."

केमिस्ट्री वाया गेली, असं तो म्हणत नाही. सिलिकॉन वाढला की बिडाचं काय होतं, हे त्याला चटकन कळतं ते त्या तीन वर्षांमुळंच. त्याची तक्रार आहे ती त्या सहीवर.

(राजाराम कॉलेज, मग विद्यापीठाचा परिसर)

राजाराम कॉलेज 1880 चं. 1901 पासून शाहू महाराजांनी बोर्डिंगं उभी केली आणि खेड्यातलं पोर शहरात राहून शिकायला लागलं. 18 नोव्हेंबर 1962 ला शिवाजी विद्यापीठ सुरू झालं. आज कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतली कॉलेजं त्याच्याखाली येतात. इथल्या कितीतरी घरांत पहिली पदवी याच विद्यापीठाची. त्या घरांतलं ठरलेलं वाक्य, "आधी डिग्री पदरात पाडून घे, मग बघू." मग बघायचं म्हणजे कुठं, ते मात्र कुणी सांगितलं नाही.

(लक्ष्मीपुरी, कर सल्लागाराचं ऑफिस)

या ताईंनी बी.कॉम. फर्स्ट क्लासमध्ये केलं. पुस्तकातला ताळेबंद जुळायचाच, कारण गणितच जुळणारं दिलेलं असायचं. इथं दुकानदार पिशवीभर बिलं टेबलावर ओततो. निम्म्यांची शाई उडालेली, काहींवर जीएसटी नंबरच नाही, आणि रिटर्नची तारीख तोंडावर. जमा-नावेचा पाया कॉलेजात पक्का झाला, हे त्या मान्य करतात. "पण गिऱ्हाईकाला फोन करून 'तुमचं बिल चालत नाही' हे सांगायचं कसं? पहिल्यांदा सांगताना घाम फुटला होता." सुरुवातीला पगार नव्हता, 'शिकायला मिळतंय ना?' एवढंच उत्तर. हे उत्तर देणारी माणसं शहरात फार झालीत, असं आम्हाला हिंडताना जाणवलं.

(राजारामपुरी, अभ्यासिका)

इथं मात्र वेगळंच ऐकायला मिळालं. इतिहासात बी.ए. झालेल्या एका मुलीला वर्गातले दहा मार्कांचे प्रश्न आता आठवतात. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आणि पानभर मुद्देसूद लिहायची मोडलेली सवय तिला पुन्हा लावून घ्यावी लागतेय. "तेव्हा आम्ही परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानातून 'अपेक्षित' आणायचो," ती म्हणते. "स्वतः लिहिलं असतं तर आज हात चालला असता."

तिघांचे विषय वेगळे, पण दुखणं एकच. कागदावर शिकवलं ते प्रत्यक्ष करून घेतलं गेलं नाही. यात शिकवणाऱ्यांइतकेच शिकणारेही सामील होते, आणि हे त्यांना नोकरीला लागल्यावर कळलं.

(आजरा-चंदगड रस्ता)

आता नव्या शैक्षणिक धोरणात पदवीलाच ऑन जॉब ट्रेनिंग आलंय, त्याला क्रेडिट आहेत. गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या आसपासच्या पोरांना कारखाने जवळ आहेत. आजरा, चंदगडच्या पोरांनी जायचं कुठं? ओळखीच्या दुकानातून शिक्का मारून आणला, तर ते जर्नलचंच दुसरं रूप होईल. पण तिकडं काजू प्रक्रियेचे कारखाने आहेत, गावोगाव दूध संस्था आहेत. संस्थेचं दप्तर लिहायला बसलेल्या बी.कॉम.च्या पोराला दहा दिवसांचं बिल काढावं लागतं, ते उत्पादकांना समजावून सांगावं लागतं. आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) कमी कसा लागला, हे विचारायला खिडकीशी सगळ्यांत पुढं त्याची चुलतीच उभी असते.