सीन 14: वरात, पाऊस आणि जिलेबीचा पुडा

मित्रहो, ब्रेकडाउन म्हणजे सीन शूट करायला काय काय लागेल ते वेगळं काढणं. याहून मोठी व्याख्या सांगून मी तुमचा वेळ घेणार नाही. एकच सीन घेऊ आणि तो शेवटपर्यंत सोडवू. आजच्यासाठी मी तो मुद्दाम रचून आणलाय. ऐका.

‘सीन 14. बाहेर. वाड्यासमोरची गल्ली. रात्र. पाऊस. वरात दारावरून जाते, नवरदेव घोड्यावर. आठ वर्षांचा बंड्या गर्दीतून भिजत धावत येतो आणि ओट्यावर बसलेल्या आजीच्या हातात जिलेबीचा पुडा देतो. आजी पुडा न उघडताच आत निघून जाते.’

पहिल्या वाचनाला हातात पेन्सिल धरायची नाही. सीन कशाबद्दल आहे, एवढंच समजून घ्यायचं. हा सीन वरातीबद्दल नाही, पावसाबद्दलही नाही. आजीनं पुडा उघडला नाही, त्याबद्दल आहे. हे मनात पक्कं ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या वाचनाला रंग घ्या. पूर्वापार पद्धत अशी, की बोलणारे किंवा मुख्य कलाकार लाल, ज्युनिअर आर्टिस्ट म्हणजे गर्दीतले लोक हिरवे, प्रॉप्स म्हणजे सीनमध्ये वापरायच्या वस्तू जांभळ्या, वाहनं आणि प्राणी गुलाबी. तुम्ही वेगळे रंग घेतलेत तरी चालेल, पण युनिटमध्ये सगळ्यांचे तेच असले पाहिजेत. आता लाल रंगात आजी आणि बंड्या, गुलाबीत घोडा, जांभळ्यात पुडा आला. नवरदेव कुठे जाईल? त्याला संवाद नाही, पण पुढच्या सीनमध्ये तो बोलत असेल तर तो लालच. म्हणून एका सीनचं ब्रेकडाउन अख्खी स्क्रिप्ट वाचल्याशिवाय होत नाही.

इथपर्यंतचं काम कुणीही करेल. खरं काम आहे ते कागदावर न लिहिलेल्या गोष्टी शोधण्याचं.

‘भिजत’ हा एकच शब्द घ्या. बंड्या एका टेकमध्ये भिजला की दुसऱ्या टेकला कोरडा हवा. म्हणजे त्याच कापडाचे, त्याच मापाचे कपड्यांचे निदान तीन-चार जोड, टॉवेल, केस वाळवायची सोय, गरम दूध. पुडा कागदाचा, तो प्रत्येक टेकला लगदा होणार, तर पुडेही तितकेच. पाऊस आपणच पाडायचा, म्हणजे टँकर, पाइप, पंप, आणि टँकर त्या गल्लीत वळतो का हे पाहायला रेकी, म्हणजे जागेची आधी पाहणी. समोरून लाइट मारला तर पाऊस कॅमेऱ्यात जेमतेम दिसतो, थेंब चमकतात ते मागून आलेल्या उजेडात. मग मागचा लाइट कुठल्या गच्चीवर चढवायचा? त्या गच्चीच्या मालकाला विचारलंय का? पाण्यात केबल आणि जनरेटर असणार, म्हणून इलेक्ट्रिशियनशी बोलणं आधी, बाकीचं नंतर. इथे कुणाच्या तरी जिवाचा प्रश्न असतो. आणि पंपाच्या आवाजात लोकेशन साउंड वापरण्याजोगा मिळत नाही. या सीनमध्ये संवाद नाहीत हे आपलं नशीब, नाहीतर डबिंगची नोंदही याच कागदावर आली असती.

आता वरात. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर बँड किंवा लाउडस्पीकर वाजवता येत नाही, ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालापासून आहेत. तेव्हा बँडवाले नुसता अभिनय करतील, आवाज नंतर भरायचा. घोड्यासाठी अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटच्या आधी काढावी लागते, आणि ती लगेच हातात पडेल असं धरून चालू नका. बंड्या चौदाच्या आतला. 2017 च्या नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही, सलग 3 तासांनंतर विश्रांती द्यावी लागते, आणि जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. ही अडचण आहे असं कृपा करून म्हणू नका. मूल थंड पाण्यात उभं आहे, आणि तुमच्या शिफ्टचा हिशोब त्याच्यापासून सुरू झाला पाहिजे.

तीन वाक्यांचा सीन, जेमतेम पाव पान. सीनची लांबी आपण पानाच्या आठव्या भागांत मोजतो, म्हणजे हा दोन अष्टमांश. एक पान म्हणजे एक मिनिट हा ठोकताळा इथे भरवशाचा नाही. देवनागरीत टाइप आणि ओळींमधलं अंतर बदललं की हिशोब बदलतो. त्यापेक्षा घड्याळ लावून, हालचालींना वेळ देत मोठ्यानं वाचा. पडद्यावरच्या त्या अर्ध्या-पाऊण मिनिटासाठी अख्खी रात्र जाईल, हे निर्मात्याला आजच कळलेलं बरं.

पहिलं वाचन उपयोगी पडतं ते इथे. सीन आजीचा आहे, तर वरात दिसायलाच हवी का? भिंतीवरून सरकणारा गॅसबत्त्यांचा उजेड, लांबून येणारा बँडचा आवाज आणि ओट्यापुरता पाऊस, एवढ्यात भागेल का? कदाचित सीन जास्त चांगलाही होईल. पण हा निर्णय तुमचा नाही. कशाला काय लागतं ते स्पष्ट मांडणं ब्रेकडाउन करणाऱ्याचं काम. काय ठेवायचं ते दिग्दर्शक आणि लेखक ठरवतील. मी पाहिलेले चांगले असिस्टंट ‘हे जमणार नाही’ असं म्हणत नाहीत, कागद समोर ठेवतात.

कंटिन्युइटीचं, म्हणजे एका सीनमधलं पुढच्या सीनशी जुळण्याचं थोडं. सीन 15 माजघरात, तीच रात्र. तो कदाचित दहा दिवस आधी सेटवर शूट होईल. तेव्हा आजीच्या लुगड्याचा काठ ओला हवा, पुडा बंद हवा, दोरा तसाच गुंडाळलेला हवा. म्हणून प्रत्येक सीनच्या ब्रेकडाउन शीटवर कथेतला दिवस लिहा: दिवस 3, रात्र. शूटिंगची तारीख वेगळी, कथेतला दिवस वेगळा.

एका सीनला एक शीट, मग सगळ्या शीट लोकेशनप्रमाणे लावायच्या आणि शेड्यूल करायचं. ते उद्या. एक मात्र आजच सांगतो: शीट वाटल्यानंतर सीनचे नंबर बदलायचे नाहीत. मध्ये नवा सीन आला तर तो 14-अ, सीन काढला तर त्या नंबरापुढे ‘वगळला’ असं लिहायचं. कॉश्च्युमवाल्या ताईंच्या वहीतला 15 आणि तुमच्या कॉल शीटवरचा, म्हणजे त्या दिवशीच्या कामाच्या कागदावरचा 15 एकच असला पाहिजे.

उद्या येताना प्रत्येकानं आपल्या स्क्रिप्टमधला सगळ्यात छोटा सीन आणा. मोठा नको.